आधी धावू द्या, मग सजवा: १/१६ टी-७२ चा ‘अजेय’ करताना

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: भावाने परदेशातून १/१६ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढा, रिमोटवर चालणारा टी-७२ रणगाडा आणला. त्याला धातूचे पट्टे बसवले. आता वळताना पट्टा निसटतो आणि मागून कटकट आवाज येतो. त्याला भारतीय सैन्याचा ‘अजेय’ (टी-७२ चं भारतीय रूप) करायचं आहे. मग रंगकाम आधी करू की धातूचे बाकीचे भाग आधी बसवू? आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल त्यावर खरा दिसेल का?

रंग सगळ्यात शेवटी. चालणारं मॉडेल आणि काचेच्या कपाटातलं मॉडेल यांचा क्रम वेगळा असतो. कपाटातल्या रणगाड्यावरची झीज आपण रंगाने दाखवतो, चालणाऱ्यावर ती आपोआप येते आणि अगदी योग्य जागी येते. म्हणून पहिले काही आठवडे त्याला नुसत्या प्राइमरवर फिरवा. पट्ट्याची कुठली कडी कुठे घासते, धूळ कुठे साठते, कुठला कोपरा भिंतीला धडकतो हे त्या काळात कळतं. नंतर रंगवताना अंदाज बांधावा लागत नाही.

आता पट्टा. कटकट गिअरबॉक्समधून येते की स्प्रॉकेटवरून (पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकावरून), हे आधी वेगळं करा. रणगाडा दोन विटांवर असा ठेवा की चाकं अधांतरी राहतील. पट्टे काढा आणि दोन्ही बाजू पूर्ण वेगाने चालवा. मग फडक्याने स्प्रॉकेट हलकेच धरून किंचित अडवा. आवाज आला तर गिअर दात सोडतोय, किंवा गिअरबॉक्सचे स्क्रू ढिले होऊन तो जोर पडल्यावर उचलला जातोय. आवाज आला नाही तर दोष पट्ट्यात आहे: कडी स्प्रॉकेटच्या दातात नीट न बसता वर चढते आणि खाली आपटते.

धातूचे पट्टे लावल्यावर दुसरी गोष्ट जास्त वेळा होते, आणि तिच्या मुळाशी बहुधा ताण असतो. नवशिका माणूस पट्टा निसटला की तो आवळतो. आवळला की मोटर गरम होते, पुढच्या आयडलर चाकाचा (पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचा) आस वाकतो, आस वाकला की चाक तिरकं होतं आणि पट्टा पुन्हा निसटतो, आता आणखी लवकर. सायकलची चेन जशी बोटाने वर-खाली थोडी हलली पाहिजे, तसाच हा पट्टा वरच्या रोलरांच्या मधे किंचित झोल खाल्लेला हवा. टी-७२ ला प्रत्येक बाजूला वर तीन रोलर आहेत, त्यामुळे झोल मोठा दिसत नाही, पण हवाच. आयडलर मागेपुढे करण्याची सोय तुमच्या किटमध्ये असेल तर तिथून जुळवा. नसेल तर एक कडी काढून किंवा घालून बघा. पहिल्या काही बॅटऱ्या संपेपर्यंत फिरवलं की धातूचे पट्टे पिना घासून थोडे लांबतात, तेव्हा पहिल्या दिवशी जुळवलेला ताण पंधरवड्याने पुन्हा पाहावा लागतो.

ताण ठीक असूनही निसटत असेल तर वरून बघा. स्प्रॉकेट, सहाही चाकं आणि आयडलर एका रेषेत आहेत का? बाजूला स्टीलची पट्टी लावली की लगेच दिसतं. स्प्रॉकेट एक-दीड मिलिमीटर बाहेर असेल तर पातळ वायसर घालून आत-बाहेर करा. शिवाय प्लास्टिकचा तळ जड पट्ट्यांच्या ओढीने लवतो. गिअरबॉक्सखाली २ किंवा ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी टाकून चारही स्क्रू तिच्यातून घेतले की लवणं थांबतं. या पट्टीचा खर्च जवळजवळ नाहीच, पण माझ्या मते स्टील गिअरच्याही आधी ती बसवावी.

आता जे फार थोडे लोक सांगतात ते. टी-७२ चं स्प्रॉकेट मागे असतं. पुढे जाताना ते जमिनीवरचा पट्टा मागून उचलून वर ढकलतं, म्हणजे ताण शेवटचं चाक आणि स्प्रॉकेट यांच्यामधे असतो आणि पट्टा तिथे घट्ट बसतो. मागे घेताना उलटं होतं: ताण वरच्या बाजूला जातो आणि सगळा ढिलेपणा नेमका त्या मागच्या तुकड्यात गोळा होतो. तशात जोरात वळवलं की पट्टा बाहेर. तेव्हा रिव्हर्समध्ये वळवू नका. मागे यायचं तर सरळ मागे या, थांबा, मग वळा.

हा नियम खऱ्या रणगाड्याशीही जुळतो. टी-७२ ला जागच्या जागी गरकन फिरता येत नाही. त्याच्या दोन बाजूंचे गिअरबॉक्स एका पट्ट्याला पुढे आणि दुसऱ्याला मागे अशी गती देऊ शकत नाहीत. एक पट्टा रोखायचा आणि दुसऱ्याने त्याच्याभोवती फिरायचं, एवढंच त्याला जमतं. रिव्हर्सचा वेगही ताशी ४ किलोमीटरच्या आसपास. सोळाने भागलं तर सेकंदाला जेमतेम ७ सेंटिमीटर. तुमच्या रिमोटवर मात्र दोन्ही पट्टे उलटसुलट फिरतात आणि मागे घेतानाही तो पुढच्याच वेगाने पळतो. म्हणजे अंगणात तो भिंगरीसारखा फिरवला की पट्टाही निसटतो आणि बघणाऱ्याला तो खेळणंही वाटतो. अंगठा आवरला तर दोन्ही टळतात. पुढचा कमाल वेग रस्त्यावर ताशी ६० किमी धरला तर मॉडेलचा सेकंदाला एक मीटर होतो, म्हणजे माणसाच्या निवांत चालीपेक्षाही कमी. रणगाडा तुमच्या पुढे पळत असेल तर तो खऱ्याच्या मानाने फार जोरात चाललाय.

वजनाचंही असंच गणित आहे. साडेएक्केचाळीस टनांचा रणगाडा लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीत सोळाने लहान केला तर वजन ४०९६ ने भागायचं. उत्तर दहा किलोच्या आसपास येतं. प्लास्टिकचं किट त्याच्या निम्म्याच्याही खाली असतं, म्हणून ते खड्ड्यावरून उड्या मारतं. दहा किलो करायची गरज नाही, मोटरी तेवढं सोसणार नाहीत. पण तळाशी, मधल्या चाकांच्या वर, शिशाच्या किंवा लोखंडी पट्ट्या बसवून किलोभर वाढवलं तरी चाल बदलते. दगडावर चढताना नाक सावकाश वर येतं आणि सावकाश बसतं. वजन बुरुजात टाकू नका. धातूची तोफ लावली की बुरुज आधीच पुढे जड होतो, फिरवणारी छोटी मोटर कुरकुरते. तिच्या तोलासाठी बुरुजाच्या मागच्या भागात थोडं वजन चालेल, तेवढंच.

स्टीलचे गिअर घ्या, पण बाहेरून मागवायच्या आधी हिशेब करा. तयार खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. त्यामुळे अख्खं किट मागवणं आता महाग आणि बेभरवशाचं आहे. भावाने आणून दिलं हे नशीब समजा. आस, बुशिंग (आस ज्यात फिरतो ती नळी), आयडलरचे ब्रॅकेट असल्या वस्तू मात्र इथेच होतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीच्या आसपास लेथवाल्यांची छोटी वर्कशॉपं आहेत. परभणी, जालना, लातूरलाही टर्नर सापडतो. जुना भाग नमुना म्हणून न्या, व्हर्नियरने माप दाखवा, आणि एकाऐवजी चार नग करून घ्या. एका नगासाठी यंत्र लावायला कुणी राजी होत नाही आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो. पितळी बुशिंग आपल्या धुळीत उघड्या बॉल बेअरिंगपेक्षा बरं, असं माझं मत आहे. बेअरिंगच घालायचं तर दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलं घ्या. गिअरना पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं लावा. उघड्या भागावर, विशेषतः पट्ट्याच्या पिनांवर, तेल नको. तेल धूळ धरतं आणि ती धूळ पिना खाते.

बॅटरीबद्दल आपल्या भागात जास्त काळजी घ्यावी लागते. यात ७.४ व्होल्टची दोन सेलची लिथियम असते, पूर्ण भरल्यावर ८.४. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं तापमान सहज होतं, म्हणून पहाटे चार्ज करा, शहाबादी फरशीवर, आजूबाजूला कागद-कापड नसताना. फिरवून आणल्यावर बॅटरी गरम असते, ती हाताला थंड लागेपर्यंत चार्जरला लावू नका. महिनाभर वापरायची नसेल तर पूर्ण भरून ठेवू नका, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास असू द्या. फुगलेली बॅटरी मात्र एकदाही वापरायची नाही.

उन्हाळ्याचाच दुसरा फटका थ्रीडी प्रिंटला बसतो. प्रिंट करून देणारे सहसा पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात आणि ते ६० अंशांच्या आतबाहेर मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली तोफ संध्याकाळी वाकलेली निघते. पीईटीजी किंवा एबीएस मागा, थोडं महाग पडलं तरी.

आता ‘अजेय’. आपला अजेय हा मुळात टी-७२एम१. चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात हे रणगाडे परवान्याखाली बांधले गेले, आणि त्यावर दिसणाऱ्या स्फोटक चिलखताच्या विटा (मारा बसताच स्वतः फुटून त्याचा जोर मोडणाऱ्या) पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केल्या. भारतीय ओळख आधी या विटांनी येते, मग रंगाने. एक वीट १ मिमी एबीएस शीटमधून नीट बनवा, तिचा सिलिकॉनचा साचा करा आणि बाकीच्या रेझिनमध्ये ओता. प्रत्येक वेगळी कापत बसलात तर पाचवी वीट पहिलीसारखी राहत नाही, आणि विटांची ओळ वाकडी असली की लांबूनही दिसते. ओतलेल्या विटा मात्र सगळ्या एकाच पातळीवर चिकटवू नका. खऱ्या रणगाड्यावर एखादी जराशी तिरकी असते, एखाद्या जागी नुसता रिकामा ब्रॅकेट असतो. असं दोन-तीन ठिकाणी पुरे.

बुरुज आणि तळ यांचा पोत वेगळा हवा. टी-७२ चा बुरुज ओतीव पोलादाचा, म्हणून खरबरीत. तळ लाटलेल्या पत्र्यांचा, म्हणून गुळगुळीत, फक्त जोडांवर वेल्डिंग. बुरुजासाठी एनसी पुट्टी थिनरने पातळ करून आखूड केसांच्या ब्रशने ठोकत लावा, वाळल्यावर चारशेच्या पॉलिश पेपरने वरचेवर हात फिरवा. वेल्डिंगसाठी एम-सीलची दोऱ्यासारखी वळी करून जोडावर दाबा आणि जुन्या पात्याच्या टोकाने आडवे दाब देत जा. बोल्टची डोकी किती मोठी करायची हे लोक विचारत नाहीत आणि म्हणूनच चुकतात. खऱ्या एम१६ बोल्टचं डोकं कडेपासून कडेपर्यंत २४ मिमी, म्हणजे आपल्याला दीड मिमी हवं. किटमध्ये साच्यातून आलेले बोल्ट बहुतेक वेळा याहून मोठे असतात. समोरच्या भागावरचे तेवढे खरवडून नवे लावले तरी चेहरा बदलतो.

ओढायची तार सायकलच्या ब्रेकची घ्या. आतली तार दीड मिमीच्या आसपास असते, म्हणजे खऱ्यात अडीच सेंटिमीटर, अगदी योग्य. टोकं मेणबत्तीवर तापवून नरम केली की ती अंगासरशी बसते, नाहीतर स्प्रिंगसारखी उभी राहते. मागच्या बाजूला रुतलेला रणगाडा काढायला ओंडका बांधलेला असतो. तो प्लास्टिकचा ठेवू नका. बाभळीची बोटभर जाड वाळकी फांदी कापून लावा. तिच्या सालीच्या भेगा या मापाला इतक्या शोभतात की रंग द्यावा लागत नाही. ताडपत्री टिश्यू पेपरची, पातळ फेविकॉलमध्ये भिजवून घडी घातलेली.

हे सगळं झालं की रंग. मॉडेल भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा, हाताचं तेल लागू देऊ नका. गाड्यांचा ड्यूको रंग स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण त्याचा कडक थिनर उघड्या एबीएसला खातो. पृष्ठभाग दुधाळ होतो, बारीक भेगा पडतात. आधी प्लास्टिकचा प्राइमर लांबून, धुक्यासारखा, दोन-तीन हात. राजस्थानातले आपले टी-७२ वाळूच्या रंगावर हिरव्या पट्ट्यांचे दिसतात. दोन्ही रंगांत थोडा पांढरा मिसळा. लहान वस्तूवर मूळ छटा गडद दिसते. क्रमांक भारतीय लष्करी पद्धतीचा हवा: वर टोक असलेला बाण, वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. बाण विसरलात तर जाणकार पहिल्यांदा तेच बोलेल.

काळ्या मातीच्या चिखलाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. अजेय वाळवंटी रंगात असेल तर रेगूर, म्हणजे आपली काळी माती, त्यावर शोभत नाही. वाळवंटाची धूळ फिकट पिवळसर. तिच्यासाठी किराणा दुकानातली मुलतानी माती वस्त्रगाळ करून वापरा. मॅट वार्निशचा हात ओला असताना कोरड्या ब्रशने झटका, मग फुंकर. चाकांच्या मधे आणि खालच्या पुढच्या पत्र्यावर जास्त, बुरुजाच्या उभ्या भागांवर जवळजवळ नाही, सपाट माथ्यावर पुन्हा थोडी. धुराड्याची काजळी फक्त डाव्या बाजूला, कारण टी-७२ चं एक्झॉस्ट डावीकडे मागे उघडतं. दोन्ही बाजूंना काळं केलेले टी-७२ मी प्रदर्शनांत पाहिलेत, आणि ते बाकी कितीही छान असले तरी नजर तिथेच अडकते. चिलखतावर भडक नारिंगी गंजही नको. रंग उडालेल्या कडांना गडद तपकिरी ठिपके पुरे. गंज शोभतो तो पट्ट्यांना आणि एक्झॉस्टच्या तोंडाला. आणि पट्ट्याच्या आतल्या शिंगांवर, स्प्रॉकेटच्या दातांवर जी चांदीची चमक हवी, ती तुम्ही काही आठवडे फिरवून आधीच मिळवलेली आहे. तिथे फक्त हात लावू नका.

काळी माती वापरायचीच असेल तर तिच्या जोगा रणगाडा निवडा. हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. तेव्हा आपल्या चिलखती दलाकडे शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते. सप्टेंबर, पावसाळ्याची अखेर, धाराशिवची जमीन. त्या शर्मनच्या चाकांत रेगूर हवीच. १/१६ शर्मनची किटं मिळतात, आणि मराठवाड्यातल्या माणसाने तो करावा असं मला फार वाटतं. माती तव्यावर भाजून घ्या, म्हणजे तिच्यात पुढे बुरशी येणार नाही, मग चाळून पातळ फेविकॉलमध्ये कालवा. वाळली की ती राखाडी होते. ओली दाखवायची असेल त्या जागी वरून चकचकीत वार्निशचा एक हात. मात्र खऱ्या ओल्या काळ्या रानात मॉडेल चालवू नका. ती माती पट्ट्यात भरून घट्ट होते, मोटर अडते आणि बोर्ड जळतो. मुरमाड जागा शोधा, नाहीतर वाळलेली पायवाट.

पुढच्या सुट्टीत नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जाऊन या. तिथलं चिलखती दलाचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, आणि छत्रपती संभाजीनगरहून दोन-अडीच तासांचा रस्ता. बुरुजावर जास्त वेळ घालवू नका, तो फोटोंतही दिसतो. खाली बसा. पट्ट्याच्या पिना कशा झिजल्यात, चाकाच्या रबराच्या कडा कशा तुटल्यात, वेल्डिंग कुठे जाड आणि कुठे पातळ आहे, तळाखालचे बोल्ट कुठे आहेत हे तिथेच कळतं. तिथला विजयंता हा भारतात बांधलेला जुना रणगाडाही बघा. त्याचं १/१६ तयार किट मला बाजारात दिसलेलं नाही. तळाची लांबी ७.९२ मीटर आणि रुंदी ३.१७, म्हणजे आपल्याकडे ४९५ आणि १९८ मिमी. बाजूला सहा चाकं, स्प्रॉकेट मागेच. टी-७२ चे गिअरबॉक्स आणि बोर्ड त्यात बसू शकतात, पण चाकं आणि पट्टे नवे करावे लागतील. ते काम अजेय पूर्ण झाल्यावर.

सध्या पट्टे काढा, दोन विटा घ्या आणि आवाज कुठून येतो ते बघा. गिअरबॉक्समधूनच असेल तर झाकण उघडून दातांचा जवळून फोटो काढा आणि पाठवा, गिअर बदलायचा की नुसता सरकवायचा ते त्यावरून सांगता येईल.